सही करणाऱ्या व्यक्तीने यावे

"मावशी, त्यापेक्षा अंगठाच लावायचा होता. आपल्याकडे चालतो."

वसुधाताई हसत हसत म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे टीचरला कळू नये. टीचरही हसली. काय म्हटलं ते तिला कळलं नव्हतं, पण हसायचं आहे एवढं कळलं होतं.

टीचरच्या हातात एक पिवळा कागद होता. तो तिने कोपऱ्याशी दोन बोटांत धरला होता, ओला असल्यासारखा. त्यावर माझ्या सह्या होत्या. एका उन्हाळ्यातल्या एक्केचाळीस. सगळ्या मराठीत. माझं नाव, मध्ये नवऱ्याचं, शेवटी आडनाव. एकही अर्धवट नव्हती.

त्या वर्गात मोठ्या माणसाच्या खुर्च्या दोनच होत्या. एकीवर टीचर, दुसरीवर वसुधाताई. बाकी सगळी मुलांची बाकं, खुर्चीला फळी जोडलेली. त्यात माझ्या अंगाची बाई मावत नाही. मी उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही. आणि बोलावलं होतं मलाच. शाळेचं पत्र तसंच होतं. सही करणाऱ्या व्यक्तीने यावे.

ही पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. गाव नेपरव्हिल. मुलगा सकाळी आगगाडीने शिकागोला कामावर जायचा, सून शोभा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. घरात मी आणि माझी नात सुजाता. ती पंधरा वर्षांची, दहावीत जाणार होती. इंग्रजीच्या वरच्या वर्गात तिचं नाव लागलं होतं. ऑनर्स म्हणतात त्याला. त्या वर्गात थोडीच मुलं घेत, आणि आमच्या घरातलं पोर पहिल्यांदाच अशा वरच्या यादीत आलं होतं. पण त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन पुस्तकं वाचायची. वहीत रोज लिहायचं, काय वाटलं ते. आणि पिवळ्या कागदावर रोज घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची, की होय, पोराने इतकी पानं वाचली. कागद भरला नाही तर वरचा वर्ग नाही.

पहिल्याच दिवशी सुजाताने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"आजी, साइन हिअर."

मी विचारलं, कशाची सही. तिने सांगितलं. मी म्हटलं, मला काय माहीत तू वाचलंस? ती म्हणाली, मी सांगते ना वाचलं म्हणून, एव्हरीबडी जस्ट साइन्स. मी पेन खाली ठेवलं.

"काय वाचलंस ते मला सांग. मराठीत. मला कळलं तर सही."

ती पाय आपटत गेली. तासाभराने परत आली.

माझं सहीचं असं का, ते सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. आम्हाला व्हरांड्यात बसवत. खिडकीतून आत बघायचं आणि शिकायचं. तशी शिकून मी चौथीत पहिली आले. आतल्या पोरांच्या पुढे. ते गावाला पचलं नाही. मास्तर आमच्या वस्तीत पाय ठेवत नसत, म्हणून बापाला शाळेच्या फाटकाशी बोलावलं. कागद जमिनीवर ठेवला, शाईची डबी ठेवली आणि मास्तर चार पावलं मागे सरकले. बापाला वाटलं, पोरगी पहिली आली त्याचा कागद असेल. त्याने खुशीत अंगठा लावला. घरी येऊन सगळ्यांना तो निळा अंगठा दाखवला.

सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेले, तर मास्तरांनी दारातच कागद उघडून धरला. म्हणाले, वाचता येतं ना, वाच. मी वाचला. मोठ्याने वाचला, कारण वाचायचं तर मोठ्याने असंच शिकवलं होतं. मी माझ्या मुलीचे नाव राजीखुशीने शाळेतून काढून घेत आहे. खाली बापाचा अंगठा. शाळेत मी वाचलेला तो शेवटचा मजकूर.

त्यानंतर बाप मरेपर्यंत कोणत्याही कागदाला माझ्याशिवाय हात लावत नसे. आधी मला वाचायला लावायचा. कळलं की मग अंगठा. कळलं नाही तर कागद परत, समोर कुणी का असेना. मी तेच शिकले. लग्न झालं, नवरा गिरणीत लागला, पोरगा शिकला, मी दवाखान्यात आया म्हणून राबले. न वाचता कशावर सही केली नाही. अमेरिकेला येतानाच्या कागदांवरसुद्धा मुलाला ओळ न ओळ समजावून सांगायला लावली. तो वैतागला होता.

तर सुजाता रोज वाचायची आणि सांगायची. आम्ही गराजचं दार वर करून तिथे घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो. वारा यायचा. समोर सगळीकडे गवत कापायच्या मशिनी चाललेल्या. ती आधी दोन-तीन पानं इंग्रजीत मोठ्याने वाचायची, मी ऐकायची. मग पुस्तक मिटून मराठीत सांगायची. तिचं मराठी लंगडं. एखादा शब्द अडला की ती हात हलवायची, मी शब्द द्यायची, ती पुढे जायची. सांगता सांगता थापा मारल्या तर मला कळायचं. काल मेलेला माणूस आज जेवायला कसा आला, विचारलं की पकडली जायची. मग जा, परत वाच. एकदा एकाच धड्याला तीन वेळा परत पाठवली. रडली. मी सही केली नाही.

तीन पुस्तकांतलं एक जाड होतं. कोळशाच्या खाणीच्या गावातलं. खाणीत अपघात होतो, एका बाईचा नवरा मरतो. ती बाई खाणीच्या माणसांना जेवू घालते. तिचं घर खाणीच्या मालकाचं. खाणीवरचा मुकादम सगळ्यांना सांगतो की हिचा नवरा सांगितलेलं न ऐकता आत गेला, म्हणून मेला. खरं तर मुकादमानेच त्याला आत पाठवलेलं. बाईने ते कानांनी ऐकलेलं. तरी ती काही बोलत नाही. मुकादम रोज तिच्याकडे जेवतो.

सुजाता म्हणाली, "शी इज सो वीक, आजी. बोलत का नाही ती?"

मी म्हटलं, ती त्याला वाढते तो भाग परत वाच. तिने वाचला. मी विचारलं, वाढताना ती बाकीच्यांशी बोलते? हो. त्यांच्या तोंडाकडे बघते? हो. मुकादमाच्या? सुजाताने पानं चाळली. पुढची चाळली, मागची चाळली. मग म्हणाली, नाही. एकदाही नाही. सगळ्या पुस्तकात नाही.

मी म्हटलं, मग बोलते की ती. घर जाऊ न देता जेवढं बोलता येतं तेवढं बोलते. मी दवाखान्यात एका मोठ्या नर्सशी सोळा वर्षं तशीच बोलले.

त्या दिवशी पोरगी वहीत खूप वेळ लिहीत बसली. पुढे मग तिला परत पाठवायची वेळ आली नाही. तीच म्हणायची, आजी थांब, इथे काहीतरी आहे.

आता वसुधाताई. गावातल्या मराठी मंडळाची ती पुढारीण. नवरा डॉक्टर. मुलगा निखिल सुजाताच्याच वर्गात, त्याचंही नाव ऑनर्सच्या यादीत. मला ती मावशी म्हणायची. आईच्या बहिणीला मावशी म्हणतात आणि भांडी घासणाऱ्या बाईलाही म्हणतात. समोरचा कोणती म्हणतो ते आवाजावरून कळतं. आमच्या मुलाचं आडनाव असं, की त्यावरून जात कळत नाही. तो त्यावर खूश होता. वसुधाताई एकदा घरी आली तेव्हा मधल्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. आत भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो आणि शेजारी बुद्ध. तिने बघितलं. माझ्या हातात चहाचे कप. म्हणाली, आत्ताच झाला हो चहा. शिकागोच्या विमानात वीस तास कुणाच्या मांडीला मांडी लावून बसून, कुणी केलेलं कुणाच्या हातून खाऊन आली होती. ते सगळं चाललं. माझा कप चालला नाही.

मंडळाची जुलैत बागेत सहल होती. वसुधाताईने निखिलचा पिवळा कागद पर्समधून काढला, भाज्यांच्या डब्यांमध्ये जागा करून पसरला आणि एका बैठकीत सगळ्या सह्या करून टाकल्या. तीन पेनं आणली होती. निळं, काळं, परत निळं. म्हणजे वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात. निखिल लांब गवतात चेंडू फेकत होता. मी शेजारीच पोळ्या मोजत बसले होते. मला म्हणाली, "एकदाच उरकून टाकते बाई. कोण रोज रोज बसणार?" माझ्यापासून लपवायची तिला गरज वाटली नाही. लपवायचं ते कळणाऱ्यापासून.

ऑगस्टमध्ये मुलांनी वह्या आणि कागद शाळेत दिले. आठवड्यात पत्र आलं. सुजाताच्या वहीतलं लिखाण तिचं वाटत नाही. सह्या ओळखू येत नाहीत. सही करणाऱ्या व्यक्तीने यावे. मुलीने दुभाष्याचं काम करायचं नाही, शाळा मराठी बोलणारं माणूस देईल. मुलगा म्हणाला, मी रजा टाकून येतो. मी म्हटलं, सही तुझी आहे का?

मराठी बोलणारं माणूस म्हणून शाळेने वसुधाताईला बसवलं होतं. सुजाता बाहेर दाराशी बाकावर.

अंगठ्याचं हसून झाल्यावर वसुधाताई मला हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसतं हो हो म्हणा. मी सांभाळून घेते. पोरीचं नुकसान नको."

टीचरने वही उघडली. खाणीच्या गोष्टीचं पान होतं. सुजाताने लिहिलं होतं की ही बाई मुकादमाच्या तोंडाकडे कधीच बघत नाही, तेच तिचं बोलणं आहे. त्याखाली लाल रेघ. टीचरने त्या रेघेवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. वसुधाताईने मला सांगितलं, त्या विचारतायत की हा विचार कुणाचा.

मी म्हटलं, "माझा. मी तिला दाखवला, तिने पानं उलटून खरा करून बघितला आणि तिच्या शब्दांत लिहिला. हे असंच्या असं सांगा."

वसुधाताईने माझ्याकडे बघितलं. कीव आल्यासारखं. म्हणाली, "असं कसं सांगू हो मावशी? कोण विश्वास ठेवेल?"

मग टीचरकडे वळून ती एवढंच म्हणाली, "शी डझन्ट नो."

तीन शब्द. ते मला कळले. उन्हाळाभर सुजाता मोठ्याने वाचत होती. त्या पुस्तकांतली माणसं एकमेकांबद्दल सारखी तेच म्हणत होती. वसुधाताई तेच म्हणाली तेव्हा मला त्यात नवं काही नव्हतं.

माझ्या डोळ्यांपुढे मास्तर आले. चार पावलं मागे सरकलेले. तेव्हा बापाला वाचता येत नव्हतं आणि मला कागद दाखवला नव्हता. इथे मी स्वतः उभी होते, आणि माझ्या तोंडचं मला कळत असताना बदललं होतं. तोच कागद, तीच डबी. आता हो म्हणायचं, म्हणजे खाली अंगठा.

मी दार उघडलं.

"सुजाता, आत ये."

टीचर उठली, नो नो म्हणाली. मी तिच्याशी माझ्या इंग्रजीत बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बोलले. "दिस लेडी, नो. माय गर्ल टॉक." मग वसुधाताईला मराठीत म्हटलं.

"ताई, उठा. मला काही कळत नाही असं तुम्ही ज्या दिवशी ठरवलंत, तो दिवस माझ्या चहाचा होता. ते कळायला इंग्रजी लागत नाही. खुर्ची द्या मला."

ती उठली नाही. तोंड लाल झालं. आम्ही किती करतो ह्यांच्यासाठी, असं काहीतरी पुटपुटली. मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बाईच्या खुर्चीला माझा हात लागला, मग मात्र उठली.

मी बसले. सुजाताला म्हटलं, मी बोलते ते जसंच्या तसं सांग. एक शब्द गोड करू नकोस.

मी सांगितलं, हा विचार माझा आहे. टीचर म्हणाली, म्हणजे मुलीचा नाही, हेच तर मी म्हणतेय. मी विचारलं, तुम्ही वर्गात पोरांना पुस्तकातलं काही दाखवता, पोरं ते लिहितात, तेव्हा ती चोरी असते का? टीचर म्हणाली, ते शिकवणं असतं. मी म्हटलं, इकडेही तेच होतं. फक्त गराजमध्ये होतं.

सुजाता शब्दाला शब्द सांगत होती.

टीचर म्हणाली, ठीक आहे, मी हिची परीक्षा घेते. आत्ता, इथे. तिन्ही पुस्तकांवर. जमलं तर वर्गात घेईन.

मी म्हटलं, चालेल. निखिललाही बोलवा. दोघांना तोच पेपर.

टीचर म्हणाली, निखिलचा काही प्रश्न नाही, त्याच्या सह्या व्यवस्थित आहेत.

मी म्हटलं, एका दुपारी तीन पेनांनी केल्या आहेत, भाज्यांच्या डब्यांत. कागदाला तेल लागलं असेल, बघा. आणि सुजाता एकटी परीक्षेला बसणार नाही. बसली तर सगळा वर्ग बसेल.

हे सांगताना सुजाता थांबली. आपला वर्ग जाऊ शकतो हे तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. ती वळली आणि तिने सगळं सांगितलं. तेलासकट.

वसुधाताई दाराशी उभी होती. "खोटं आहे," म्हणाली. मराठीत म्हणाली. काय झालं ते विचारायची पाळी आता टीचरवर आली. कुणी सांगितलं नाही.

आम्ही निघून आलो. बारा दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मुलगा म्हणाला, आई, इथे चार मराठी माणसं आहेत, त्यांच्याशी वाकडं घेऊन राहायचं कसं? तू नुसतं हो म्हणाली असतीस तर काय गेलं असतं? मी त्याला त्याच्या आजोबाच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ती वेगळी गोष्ट. मी म्हटलं, तुला वेगळी वाटते, कारण तू आतल्या बाकावर बसून शिकलास. तुझ्यासाठी बाहेर कोण बसलं होतं ते विसरलास. तो उठून गेला. जाऊ दे.

मग पत्र आलं. पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाची परीक्षा होईल. नाव कुणाचंच नव्हतं. माफी तर नव्हतीच. सुजाता पास झाली, वरच्या वर्गात गेली. निखिलही गेला. त्याला आठ दिवस एक मास्तर घरी येऊन तिन्ही पुस्तकांचं सार पाजून गेला. ज्यांच्यामागे माणसं असतात त्यांच्या पोरांना असे रस्ते मिळतात. मला त्याचं दुःख नाही. मला त्याची किळस येते. एका पोराने पुस्तक उघडलं नाही, त्याच्या आईने उघडलं नाही, आणि तरी आम्हाला साहित्य कळतं असं ते घर आयुष्यभर सांगत फिरणार.

मंडळाच्या गणपतीचं बोलावणं त्या वर्षी आलं नाही. मुलाला लागलं. मी मधल्या खोलीतला निळ्या कोटाचा फोटो आणि बुद्ध काढून बाहेरच्या खोलीत लावले, दारातून आत येणाऱ्याला पहिले तेच दिसतील असे. शोभाने खिळा ठोकून दिला.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. यापुढे सह्या इंग्रजीत असाव्यात, शाळेच्या सोयीसाठी. मुलगा म्हणाला, शोभा करेल. शोभा म्हणाली, मी दुपारी घरी नसते, मी कशाची सही करू?

पुढच्या मे महिन्यात सुजाता नवा कागद घेऊन आली. या वेळी हिरवा. पुस्तकं चार. ती म्हणाली, आजी, मी तुला इंग्रजी सही शिकवू? तुझ्या नावाला सात अक्षरं आहेत फक्त.

"इंग्रजी शिकव. रोज शिकव. पण सही हीच राहील. ज्याला वाचता येत नाही त्याने मराठी शिकावी."

ती म्हणाली, परत बोलावतील.

"बोलावू देत. मी जाईन, खुर्ची मागेन आणि बसेन. मला कळलेलं नाही अशा कागदावर मी सही करणार नाही. आणि कळून केलेली सही कुणाच्या सोयीसाठी बदलणार नाही. तुझा वर्ग गेला तरी नाही. मंजूर असेल तर गराज उघड. नसेल तर तीन पेनांची बाई गावात आहे, तिच्याकडे जा."

सुजाताने भिंतीवरचं बटण दाबलं. दार वर गेलं. तिने खुर्च्या टाकल्या, पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मी हिरवा कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण तसंच ठेवलं, आणि ऐकायला लागले.